राक्षसपार्ट

चवथ होऊन दोन दिवस झाले होते. दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर घर जसं होतं, तसं आमचं पेडण्याकडचं घर झालं होतं. मखर रिकामं, गणपतीवर टांगलेल्या माटोळीवरून उतरवलेला सुपारीचा घोस आणि पपनस सुपात, आणि घरभर ओल्या पानांचा नि विझलेल्या धुपाचा मिळून एक वास. पाऊस कौलांवर एका लयीत पडत होता आणि सकाळपासून वीज नव्हती. पणजीहून आलेला माझा दहा वर्षांचा भाचा टॅबची बॅटरी संपल्यावर वहीकडे वळला होता. मधल्या जोडपानावर त्याने पट्टीने रकाने आखले होते. डावीकडे 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या पात्रांची नावं: योडा, विंडू, वेडर, ओबी-वान, मॉल, डूकू, ग्रीव्हस, असोका. वर मथळे: वेग, ताकद, फोर्स, डोकं. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि शेवटी ठरवायचं, या सगळ्यांत तलवारीला भारी कोण. मी शेजारी बसून उरलेल्या नेवऱ्या डब्यात भरत होते. "आत्या, मॉलला चारच देतो. तो दोनदा हरला," तो म्हणाला. मग पेन्सिल तोंडात धरून त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत माझे बाबा आहेत. डोक्यावर मुकुट, जाड काजळ, ओठांवरून कानापर्यंत वळलेल्या मिशा आणि हातात पत्र्याची तलवार. "आजो पण दर वेळी हरायचा ना? मग आजोला किती?"

बाबा सोप्यावर आरामखुर्चीत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "तीन दी," ते तिथूनच म्हणाले, "तीन खूप जाले." आणि हसले. भाच्याने सगळ्यात खाली नवी ओळ आखली, 'आजो' लिहिलं आणि पुढे तीनचा आकडा काढला.

त्या तीनने मला आठवडाभर छळलं.

खरं तर हे तलवारींचं वेड त्याच्या आधी माझं. आमच्या शेजारच्या घरात गावातला पहिला व्हीसीआर आला, तेव्हा म्हापशाहून भाड्याने आणलेल्या कॅसेटींमध्ये १९७७चा तो पहिला चित्रपट होता. इंग्रजी समजत नव्हतं. काळ्या मुखवट्याच्या माणसाचा, वेडरचा, श्वास मात्र समजला आणि प्रकाशाच्या तलवारीचा तो गुंजणारा आवाज समजला. तो आवाज कसा केला होता ते पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं. बेन बर्ट या ध्वनिकाराने जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर घेतली, त्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ मायक्रोफोन नेल्यावर येणारी गुणगुण मिसळली, आणि तलवार हवेत फिरल्याचा भास व्हावा म्हणून तो आवाज स्पीकरवर लावून त्याच्यापुढे मायक्रोफोन हलवत परत ध्वनिमुद्रित केला. वाचताना मला फार बरं वाटलं. गावातल्या शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तेव्हा मी मुद्दाम प्रोजेक्टरजवळ बसायची. ती घरघर माझ्या ओळखीची होती.

त्या पहिल्या चित्रपटातलं द्वंद्व आज पाहिलं तर संथ वाटतं. भाचा तर ते पुढे सरकवतो. दोन माणसं, त्यातला एक म्हातारा, जपून जपून तलवारी टेकवतात. तेव्हा त्या तलवारी म्हणजे प्रकाश परावर्तित करणारं आवरण लावलेल्या काठ्या होत्या आणि जोरात आपटल्या की मोडायच्या. पण मला ते द्वंद्व पहिल्यापासून धरून ठेवतं, ते शेवटच्या काही क्षणांसाठी. म्हातारा ओबी-वान कडेला नजर टाकतो, ज्याला वाचवायचं तो मुलगा, ल्यूक, पळायच्या बेतात आहे असं त्याला दिसतं, तो किंचित हसतो, तलवार छातीशी उभी धरतो आणि थांबतो. वेडरचा वार बसतो आणि जमिनीवर नुसता झगा पडतो. वेडर त्या रिकाम्या झग्यावर बूट दाबून पाहतो. जिंकलेला माणूस इतका गोंधळलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. भाच्याच्या हिशोबात इथे ओबी-वानचे तीन गुण कापले गेले आहेत.

आमचे बाबा सुतार. दिवसा दारं-खिडक्या, आणि जत्रांचे दिवस आले की गावच्या हौशी मंडळींच्या दशावतारात राक्षसपार्ट. धंदेवाईक कंपन्या वरून सिंधुदुर्गातून यायच्या, त्यांचा थाट वेगळा. आमच्या मंडळींचा एकच पेटारा, एक हार्मोनियम, एक पखवाज, एक झांज. रात्री पालखी फिरून आली की देवळापुढच्या मांडावर खेळ सुरू. आधी आडदशावतार, गणपती, सरस्वती, काळ्या वेषातला संकासुर, आणि मग मुख्य आख्यान. छापील संहिता नाही. आख्यान ठरलं की कोण कोणाला काय बोलणार हे ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगायची. गॅसबत्तीची सूंसूं, खाज्याच्या दुकानातला आलं-गुळाचा वास, पुढे बसलेल्या बायकांच्या केसांतल्या अबोलीचा ओला गारवा. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास पखवाज चढायला लागला की आई मला हलवायची, कारण आता युद्ध. राजा आणि राक्षस समोरासमोर, आधी शब्दांची चकमक, मग गिरक्या, मग तलवारीवर तलवार. आणि शेवटी झांज कडाडली की माझे बाबा पडायचे.

दर वर्षी पडायचे. वेगवेगळ्या नावांचे राक्षस, पडणं तेच.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरी म्हणायच्या, "तुझो बापूस काल रातीं मेलो गे!" मला राग यायचा आणि रडू यायचं, आणि त्यापेक्षा जास्त लाज वाटायची. राजपार्ट करणारे काका आमच्या वाड्यावरचेच. गोरे, सडपातळ, आवाजाला गोड. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. ती जत्रेनंतरचे चार दिवस मान वर करून चालायची. एकदा, मी नऊ वर्षांची असेन, मी बाबांना विचारलं, "तू एकदा तरी जिंक ना रे." ते रंधा मारत होते. त्यांनी हात थांबवला, लाकडावरची साल फुंकून उडवली आणि परत रंधा मारायला लागले. आज चाळीशी ओलांडल्यावरही ती उडालेली साल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मोठी झाल्यावर बॉब अँडरसन या माणसाबद्दल कळलं, आणि काहीतरी हललं. वेडरचं शरीर डेव्हिड प्राऊझचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण १९८० आणि १९८३च्या चित्रपटांत वेडर तलवार चालवतो तेव्हा मुखवट्यामागे बहुतेक वेळ अँडरसन असायचा. तो १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेला. उंचीला प्राऊझपेक्षा बराच कमी. त्याचं नाव गुप्त ठेवलेलं होतं. शेवटी ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलने १९८३मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं की वेडर म्हणून लढत होता तो अँडरसन, आणि हे लपवून ठेवणं आपल्याला आता योग्य वाटत नाही. हे वाचल्यावर मी ते दोन्ही चित्रपट परत लावले आणि ल्यूककडे न बघता फक्त वेडरकडे बघत बसले. १९८०च्या लढाईत सुरुवातीला तो एका हाताने लढतो. ल्यूक तरुण आहे, उतावळा आहे, त्याचे वार मोठे आणि उघडे येतात, आणि वेडर प्रत्येक वार बरोबर जिथे यायला हवा तिथे आधीच पातं नेऊन ठेवतो. समोर ऑलिंपिकमध्ये खेळलेला माणूस आहे म्हणून नवशिक्या पोराचा वारही खरा दिसतो. १९८३मध्ये ल्यूक रागाने त्याला कठड्यावर दाबत नेतो, वारावर वार घालतो आणि त्याचा हात तोडतो. त्या शेवटच्या आवेगात कोण जास्त कुशल, असं कोणी मला विचारलं तर मी पडणाऱ्याकडे बोट दाखवीन.

मग एकदा मी बाबांना नीट विचारलं. त्यांनी पोटमाळ्यावरून तलवार काढून आणायला लावली. फणसाच्या लाकडाची मूठ, तिच्यावर काथ्याची दोरी घट्ट वळलेली, घामाने काळी पडलेली. पातं पत्र्याचं. मी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. टोकाला एकही पोचा नाही, मुठीजवळ एकही नाही. सगळे पोचे मधोमध, जेमतेम चार बोटांच्या पट्ट्यात, एकावर एक. इतक्या वर्षांच्या इतक्या रात्रींचे सगळे घाव त्या चार बोटांत. "राजा चुकलो तर चलता," बाबा म्हणाले, "राक्षसान चुकून चलना." आणि मग समजावून सांगितलं. राजा देखणा हवा, त्याला पद म्हणायचं असतं, लोकांची नजर त्याच्यावर असते, पहाटेपर्यंत तो थकलेला असतो. त्याचा वार कधी लवकर येतो, कधी तिरपा येतो. तो कसाही आला तरी पखवाजाच्या 'धा'वर पात्याला पातं लागलंच पाहिजे. ते राक्षसाने बघायचं. राजाच्या खांद्याकडे नजर ठेवायची, पात्याकडे नाही. आणि पडायचं ते राजाच्या बाजूला पडायचं, म्हणजे वार खोल गेला असं वाटतं. हे सगळं सांगताना ते तोंडाने पखवाज वाजवत होते, धा तिट धा, आणि त्यांचा उजवा हात मांडीवरच वार झेलत होता.

त्या राजपार्टवाल्या काकांबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली. बाबा पडले की काका तलवारीचा हात उंच धरून जयघोष घ्यायचे, आणि डावा हात, लोकांना दिसणार नाही असा, बाबांच्या मानेखाली असायचा. मांडावरच्या दगडावर डोकं आपटू नये म्हणून. दर वर्षी. मी पुढच्याच रांगेत बसलेली असायची आणि मला तो हात एकदाही दिसला नाही.

मॉलला भाच्याने चार गुण दिले ते मला का खुपले, ते आता थोडं सांगता येईल. १९९९मधलं ते तिघांचं द्वंद्व म्हणजे या सगळ्या चित्रपटांतलं नृत्याच्या सगळ्यात जवळ गेलेलं युद्ध. रे पार्क हा मुळात मार्शल आर्टवाला. दोन्ही टोकांना पातं असलेली तलवार तो शरीराचाच भाग असल्यासारखी फिरवतो. पाठीमागे जॉन विल्यम्सचं संगीत, आणि त्यातला समूहस्वर चक्क संस्कृत आहे. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी संस्कृतात नेऊन त्या गाऊन घेतल्या आहेत. उच्चार असे की आपल्याला शब्द हाती लागत नाहीत, पण ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला देवळाच्या मांडावरची पहाट आठवली. त्या लढाईत मध्येच लाल प्रकाशाच्या भिंती आड येतात. ओबी-वानचा गुरू क्वाय-गॉन गुडघ्यांवर बसून डोळे मिटतो. पलीकडे मॉल पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतो, भिंतीला तलवार लावून बघतो. लढाई थांबलेली असताना दोघे काय करतात ते त्या काही सेकंदांत दिसतं, आणि भाच्याच्या चार रकान्यांत ते कुठेच बसत नाही. पुढे क्वाय-गॉन पडतो. मॉल त्याला आधी तलवारीच्या मुठीचा फटका तोंडावर मारतो आणि मग पातं आत घालतो. तरुण ओबी-वान खोल विवराच्या तोंडाशी लोंबकळत राहतो, खालून उडी मारतो आणि मॉलचे दोन तुकडे करतो.

त्यातूनही मॉल वाचला. ओबी-वानपुढची त्याची शेवटची हार आली ती २०१७मध्ये, 'रिबेल्स' या ॲनिमेशन मालिकेत. वाळवंट, रात्र, शेकोटी. दोघेही म्हातारे. मॉलने आयुष्यभर या एका माणसाचा शोध घेतलेला. ओबी-वान आधी आपल्या नेहमीच्या पवित्र्यात उभा राहतो आणि मग पवित्रा बदलून आपल्या मेलेल्या गुरूसारखा उभा राहतो. मॉल तोच जुना डाव टाकतो, तलवारीच्या मुठीचा फटका तोंडावर. ओबी-वान ती मूठच कापतो. दोन-तीन वारांत सगळं संपतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इतक्या लवकर संपलं म्हणून मी हळहळले. मग पुढचं दृश्य आलं. ओबी-वान पडणाऱ्या मॉलला हातांत धरतो. त्याचं डोकं वाळूवर आपटू देत नाही. शेवटचं दोघं बोलतात ते अगदी जवळून, जुन्या ओळखीच्या माणसांनी बोलावं तसं. मला तिथे राजपार्टवाल्या काकांचा डावा हात दिसला आणि मी टीव्ही बंद करून बराच वेळ अंधारात बसले.

भाच्याशी या विषयावर मी पुष्कळ भांडते आणि त्यात खोटं काही नसतं. या कथाविश्वात तलवारीच्या सात पद्धती आहेत आणि त्याला त्या सगळ्या पाठ आहेत. डूकूची माकाशी, म्हणजे तलवारीसमोर तलवार असेल तेव्हाची, मनगटाची, शिष्टाचाराची. योडाची अतारू, सगळी उड्यांची. विंडूची वापाड, स्वतःतल्या रागाच्या अगदी काठावरून जाणारी. त्याचं मत विंडूला, कारण २००५च्या चित्रपटात विंडूने पुढे सम्राट होणाऱ्या पाल्पाटीनला खिडकीशी नेऊन निःशस्त्र केलं. माझं म्हणणं, पाल्पाटीन तिथे खरंच हरत होता की हरण्याचं सोंग घेत होता, हे कळल्याशिवाय गुण देता येणार नाहीत. बघणारा ॲनाकिन, म्हणजे पुढचा वेडर, दारात येईपर्यंत तो किती दुबळा होतो ते पाहा. सोंग या शब्दाला आमच्या घरात वजन आहे. सोंग घेऊन हरणाऱ्याने कधी कोणाचं भलं केलं आणि कधी कोणाचं वाटोळं केलं, दोन्ही या एकाच गोष्टीत आहे. माझं मत ओबी-वानला आणि त्याच्या सोरेसूला. ही निव्वळ बचावाची पद्धत. या विश्वातल्या पुस्तकांत म्हटलंय की गुरू डोळ्यांदेखत मेल्यावर तो तिच्याकडे वळला. वार झेलत राहायचं, दमायचं नाही, समोरचा चुकेपर्यंत थांबायचं. लाव्ह्याच्या ग्रहावर तो आपल्या शिष्याला, ॲनाकिनला, सांगतो की मी उंचावर आहे, येऊ नकोस. खालून उडी मारून वरच्याला कापता येतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, मॉलला त्याने तसंच कापलं होतं. म्हणूनच तो सांगतो. शिष्य ऐकत नाही. त्या लढाईत ओबी-वान जिंकतो आणि पाठ फिरवून रडत जातो. त्याच्या त्या जिंकण्याला भाच्याने दहापैकी दहा दिलेत.

आणि एक गोष्ट मी त्याला त्याच्याच वहीवरून दाखवली. त्याच्या यादीत न हरलेलं कोणी नाही. ओबी-वान वेडरपुढे, वेडर ल्यूकपुढे, डूकू ॲनाकिनपुढे, ग्रीव्हस ओबी-वानपुढे. विंडू खिडकीबाहेर फेकला गेला. नऊशेच्या घरातला योडा सिनेटच्या सभागृहात पाल्पाटीनपुढून मागे हटला आणि अज्ञातवासात गेला. भाचा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग कोणालाच दहा नाही?" मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या रविवारी पणजीचे ते लोक परत आले. पाऊस उघडला होता. अंगणात चिखल होता आणि तुळशीवृंदावनाभोवती हिरवं शेवाळ. माझ्या सांगण्यावरून बाबांनी पोटमाळ्यावरची तलवार खाली काढली होती. भाच्याच्या हातात छत्रीची मोडलेली दांडी होती. बाबा सोप्याच्या पायरीवर बसून होते, गुडघे आता धड वाकत नाहीत आणि हाताला थोडा कंप आहे. भाच्याने पहिला वार घातला तो लाडाने, हळू. तलवार बरोबर मध्ये आली. त्याने दुसरा घातला, तिरपा. तोही मध्ये. मग त्याला चेव आला. तोंडाने तो तलवारीचा आवाज काढायला लागला, व्हूंम, व्हूंम. तरुण ओबी-वानचं काम करणारा ईवन मॅकग्रेगरही चित्रीकरणात नकळत हेच आवाज तोंडाने काढायचा. बाबांच्या ओठांतून धा तिट धा सुरू झालं. दोघांचे आवाज आधी एकमेकांत अडखळले आणि मग कधीतरी जुळले. बाबांची नजर पोराच्या खांद्यावर होती, छत्रीच्या दांडीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बसल्या जागी, कंप असलेल्या हाताने, त्यांनी सगळे वार घेतले.

मग बाबांनी छाती थोडी पुढे केली, पोराला वार दिसेल इतकीच. दांडी टेकली. बाबा पायरीवर आडवे झाले, सावकाश, पोराच्या बाजूला, आणि तलवार हातातून सुटून जमिनीवर वाजली. भाच्याने छत्री टाकली आणि धावत जाऊन दोन्ही हात त्यांच्या मानेखाली घातले. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. "आजो? आजो, लागलं?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"झांज खंय वाजली अजून?" ते म्हणाले.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि स्टीलची दोन ताटं घेऊन बाहेर आले.